कमरेला कॅमेरा

कॅमेरा गळ्यातच अडकवायचा असतो, हे ज्या कुणी ठरवलं त्याच्या कडेवर लेकरू नव्हतं. असतं, तर पहिल्याच दिवशी त्याला कळलं असतं की छातीवर जागा एकाचीच असते आणि हक्क मात्र दोघं सांगतात. माझी पोरगी तेव्हा पाच महिन्यांची होती. तिला कडेवर घेतलं की कॅमेरा तिच्या कपाळावर आपटायचा. तो पाठीवर सरकवावा, तर वाकताना गर्रकन पुढं येऊन पुन्हा तिथंच आपटायचा. तिचा त्याच्यावर राग मुळीच नव्हता. उलट कॅमेऱ्याचा कातडी पट्टा चघळायला तिला फार आवडायचा. बाळगुटी थुंकून टाकायची आणि पट्टा तासन् तास चोखायची.

मी लग्नातले फोटो काढायचे. सगळ्या लग्नाचे नाही, बायकांकडचे. आमच्या शहरात, तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे, मुसलमान घरांतल्या लग्नात बायकांची बाजू वेगळी असते आणि पुरुष फोटोवाल्याला पडद्याच्या आत पाय ठेवता येत नाही. मग नवरीचे फोटो घरातलाच एखादा भाऊ काढायचा, आणि त्यात नवरीपेक्षा त्याचं बोट जास्त दिसायचं. लग्नाआधी गारखेड्याला माहेरी असताना मी एका स्टुडिओत फोटो धुवायला शिकले होते. एकदा अशाच एका घरून निरोप आला, बाई असेल तर पाठवा. स्टुडिओत बाई मी एकटीच, म्हणून मालकांनी मला पाठवलं. त्यानंतर मला कुणी पाठवायची गरज उरली नाही. एका घरातून दुसऱ्या घरात माझी खबर आपोआप जायची, ‘फोटोवाली बाजी’, म्हणजे फोटोवाली ताई, म्हणून. पुढं पुढं तर मी त्या गर्दीतलीच एक झाले. जेवणाच्या वेळी मला कुणी काही विचारत नसे, नान-खलियाची थाळी थेट समोर येऊन आदळायची.

लग्न झाल्यावर मी बजाजनगरला राहायला आले. नवरा वाळूजला एका प्रेस शॉपमध्ये होता. तिथं मोटारसायकलचे लहानसहान पत्र्याचे भाग निघायचे. बोलायला हा माणूस कंजूस, पण हातात कानस आली की शीळ घालायला लागायचा. माझ्या फोटोंबद्दल त्याची तक्रार कधीच नव्हती. कॅमेरा जुना घेतलेला होता, त्याची कळ अडकायला लागली की तो खोलून, पुसून, तेलाचा थेंब सोडून परत बसवून द्यायचा. त्याला फोटोपेक्षा कॅमेऱ्यात जास्त गोडी होती, आणि मला ते चालत होतं.

बाळंतपणासाठी सासूबाई फर्दापूरजवळच्या गावाहून आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बाळंतपण त्यांनी असं केलं की आईनंही केलं नसतं, हे मी त्यांच्या तोंडावरही कबूल केलं होतं. पण फोटो हा विषय निघाला की आमचं वाजायचं. फर्दापूरला लेणी बघायला येणारे गोरे लोक त्यांनी जन्मभर पाहिले होते, पोटावर कॅमेरा लोंबवत फिरणारे. तसल्या रिकामटेकड्या लोकांचा उद्योग आपल्या सुनेनं का करावा, हे त्यांना काही केल्या उमगत नव्हतं.

अशात जुन्या शहरातून खालाजान आल्या. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. त्या आल्या, पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या गालाला गाल लावला आणि म्हणाल्या, “बाजी, छोटी का निकाह ठहर गया. तुमीच आना. दूसरे कोई कू नै बुलाते हम.”

मी हो म्हणून बसले. तोंडातून हो निघून गेलं आणि मग डोक्यात उजेड पडला की पोरगी बाटलीला तोंड लावत नाही. बाटली दिसली तरी ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. म्हणजे मी जिथं, तिथं ती.

खालाजान गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “हो कशाला म्हनलीस? मी तर चालले गावाकडं. कापूस फुटलाय, वेचणीला मानूस भेटंना. लेकराला कोन घेनार तितं?”

“मीच घेईन.”

“आन् मशीन?” कॅमेऱ्याला त्या मशीन म्हणायच्या. “लेकरू रडलं की मशीन कुटं ठिवशील? दोन वर्सं थांब की. पोरगी चालाय लागली की कर काय करायचं ते.”

त्या वाईट वाटेल असं काही बोलत नव्हत्या. पण ‘दोन वर्षं’ या शब्दांनी मला धडकी भरायची. आमच्या शेजारणीनं पोर झाल्यावर शिलाई मशीन दोन वर्षांसाठी म्हणून झाकून ठेवलं होतं. आता त्या मशीनवर टीव्ही होता, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, आणि तिचं धाकटं पोरगं तिसरीत होतं. मला माहीत होतं, या लग्नाला मी गेले नाही तर खालाजान दुसरी कुणीतरी शोधतील, पुढची घरं तिलाच बोलावतील, आणि माझ्या कॅमेऱ्यावरही एक दिवस क्रोशाचा रुमाल येईल. हे लग्न लेकरासकट पार पाडलं तरच माझं काम राहणार होतं. नाहीतर कुणीही न भांडता, अगदी प्रेमानं, ते सुटणार होतं.

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी पोरीला कडेवर आणि कॅमेरा गळ्यात अडकवून घरात येरझाऱ्या घालत होते. त्याला वाटलं मी भांडायच्या तयारीत आहे. तो चपला काढून भिंतीला टेकून बसला.

“हा कॅमेरा गळ्यातून काढून कुठंतरी दुसरीकडं टांगायचाय,” मी म्हटलं. “पण टांगलेला असताना हलायला नको, आणि हवा तेव्हा एका हातानं निघायला पाहिजे. आणि एका हातानंच परत बसायला पाहिजे.”

“दुसरीकडं म्हंजे कुटं?”

ते मलाही माहीत नव्हतं. खांद्याला लावून पाहिला, तर पोरीचं डोकं तिथंच येत होतं. पाठीवर बांधला तर हात पोचत नव्हता. आमची ही कसरत आत्याबाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. त्यांच्यासमोर जवारी पसरलेली होती, त्यातले खडे वेचायचं काम चाललं होतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“वझं गळ्यात कोन घेतं?” त्या म्हणाल्या. “गळ्यात बैलाच्या बांधत्यात. कापूस वेचताना आमी वटी कमरंला बांधतो. दिसभर वेचला, मनभर झाला, तरी मान दुकत नाय. हात रिकामेच की. वेचायला नगं का?”

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आत्याबाईंच्या लक्षात आलं की आपण भलत्याच बाजूला मदत केली. त्यांनी सूप जोरात पाखडलं.

कॅमेरा कमरेला अडकवायची पहिली क्लिप पुठ्ठ्याची केली, मीच. मिठाईचा खोका कापून त्यात वर रुंद आणि खाली निमुळती अशी खाच केली. भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीला टांगायला जसं भोक असतं, तसंच. कॅमेऱ्याच्या बुडाला स्टँडवर बसवायचं एक आट्यांचं भोक असतंच. त्यात डोक्याचा बोल्ट बसवायचा, ते डोकं वरून खाचेत सोडायचं आणि खाली सरकवायचं. कॅमेरा आपल्याच वजनानं बसून राहील. नवऱ्यानं पुठ्ठा उलटापालटा करून पाहिला आणि शीळ घालायला लागला. मला कळलं, काम झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारातून जाड पत्र्याचा तुकडा आणला. कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत केल्या की पोरीच्या गालावरून फिरवला असता तरी ओरखडा उठला नसता. बाजेची जुनी नवार घरात होती. तिचा मी रुंद पट्टा शिवला, दुहेरी, आतून जुन्या चादरीची घडी घालून. पत्रा पट्ट्यावर शिवायला मात्र आमच्या सुईची ताकद पुरेना, म्हणून तो चौकातल्या चांभारकाकांकडून रिबिट ठोकून घेतला. बकल शाळेच्या दप्तराचं. आणि बोल्ट? बोल्ट तर नवऱ्याच्या खिशात कायमच असायचे. वाळूजला जिकडं बघाल तिकडं सहा मिलिमीटरचा बोल्ट. त्यानं एक काढला, कॅमेऱ्याच्या बुडात फिरवला. दोन वेढे आत गेला आणि घट्ट झाला.

“बसला,” तो म्हणाला.

“दोनच वेढे गेलेत.”

“टाइट हाये. हलवून बघ.”

मी हलवून बघितला. खरंच घट्ट होता. पट्टा कमरेला आवळला, कॅमेरा खाचेत सोडला, पोरीला कडेवर घेतलं आणि घरभर फिरले. काय सांगू त्या सुखाचं! मान हलकी, हात मोकळे, पोरीचं कपाळ शाबूत. पोरगी पट्टा शोधत माझ्या गळ्याशी हात चाचपत होती आणि तिथं काहीच नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, बाहेर आले, उंबऱ्यावरून उडी मारून दाखवली. नवरा बसल्या बसल्या हसत होता.

“आता वाक,” तो म्हणाला. “नवरीचा पदर नीट करायला वाकतेस ना, तशी.”

मी वाकले. बोल्ट खाचेत आपल्या जागी राहिला आणि कॅमेरा त्याला सोडून खाली गेला. तो थेट शेजारी निवडत बसलेल्या आत्याबाईंच्या जवारीत पडला. धप्प असा आवाज झाला आणि मूठभर जवारी उडाली. कॅमेरा अर्धा दाण्यांत रुतून वर बघत होता.

मी किंचाळले नाही, हे माझंच मला नवल वाटतं. पोरीला नवऱ्याच्या मांडीत टाकलं, कॅमेरा उचलला, झटकला, भिंग बघितलं. भिंग नीट होतं. कळ दाबली, चालली. मग मात्र माझा पारा चढला. “टाइट हाये, टाइट हाये! तुमच्या कारखान्यात असंच टाइट करतात का? लोक मोटारसायकलवरून पडत कसे नाहीत अजून?”

तो पत्र्याच्या खाचेत राहिलेला बोल्ट काढून दिव्याखाली धरून बघत बसला.

आत्याबाईंनी पडलेले दाणे एक एक करून गोळा केले. “बघ,” त्या म्हणाल्या, “जवारी होती म्हनून. लग्नात जवारी आसंल का खाली?”

 मला रडू येत होतं आणि मी त्यांच्यासमोर रडणार नव्हते.

नवरा जेवतानाही तो बोल्ट उलटसुलट करून बघत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आला तो चपला न काढताच उभा राहिला. “आगं, ते भोक मिलिमीटरचं नाहीच. इंचाचं हाये. पाव इंच. आमच्याकडं एक जुनं शेपर मशीन पडलंय कोपऱ्यात, त्याला असलेच बोल्ट. दोन सुती.” खिशातून त्यानं एक बोल्ट काढला. दोन सूत म्हणजे पाव इंच, हे मला त्यानं त्या दिवशी शिकवलं. सगळं वाळूज मिलिमीटरवर चालतं आणि तिथं काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं माप येतच नाही. जवळजवळ सारख्या जाडीचा तो बोल्ट चुकीच्या आट्यांत तिरका अडकला होता, आणि नवरा त्या अडकण्यालाच घट्ट बसणं म्हणत होता. नवा बोल्ट बोटांनीच फिरवला, तर तो न कुरकुरता शेवटपर्यंत आत गेला.

आता त्याला चेव चढला. त्यानं लेथवर बोल्टाचं डोकं गोल करून आणलं, मानेला खाच पाडली. सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून मध्ये घातला, म्हणजे बोल्ट सुटणार नाही. आणि वाकताना कॅमेरा खाचेतून वर सरकू नये म्हणून हॅकसॉच्या मोडक्या पात्याचा तुकडा वर बसवला. कॅमेरा खाली गेला की पातं टक्कन पुढं येऊन वाट अडवायचं. काढताना अंगठ्यानं दाबायचं, की वाट मोकळी. तो ‘टक्’ आवाज मला इतका आवडला की मी दिवसभर कॅमेरा काढत-घालत बसले. भाजी चिरताना टक्, पोरीला निजवताना टक्. आत्याबाई म्हणाल्या, “येडी झाली का काय ही?” पण म्हणताना त्यांनी हसू दाबलं, ते मला दिसलं.

या वेळी परीक्षा कडक झाली. खाली गादी घातली, गादीवर रजया. मी वाकले, बसले, गरकन वळले, पोरीला डाव्या हातावरून उजव्या हातावर घेतलं. नवऱ्यानं कॅमेरा धरून गदागदा ओढला. क्लिप हलली नाही. शेवटी आत्याबाई उठल्या, त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरून असा काही हिसका दिला की मीच मागं कोलमडले. कॅमेरा जागेवर.

“हूं,” त्या म्हणाल्या. एवढंच. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी त्या गावाला गेल्या. जाताना पोरीची दृष्ट काढली आणि मला म्हणाल्या, “लेकराला उपाशी ठिवू नगं. फोटो काय, निगतील नायतर नाय निगतील.”

लग्न जुन्या शहरातल्या त्यांच्या घरीच होतं. मोठं अंगण, कडेनं खोल्या, मधोमध कनात. पुरुष अलीकडं, बायका पलीकडं. नवऱ्यानं मला स्कूटरवर सोडलं आणि तो पुरुषांकडं जाऊन बसला. मी पडदा सारून आत गेले. कडेवर पोरगी, पंजाबी ड्रेसवर नवारीचा पट्टा, पट्ट्याला कॅमेरा, आणि त्याचा फ्लॅश बाजूला कोपरासारखा बाहेर आलेला. अख्ख्या अंगणानं माझ्याकडं बघितलं.

“ये क्या बांध लिए बाजी?” नवरीच्या मावशीनं विचारलं. “पुलिस में भरती हो गए क्या?”

“हौ,” मी म्हटलं. “जो फोटो में नै हसेगा, उसकू पकड के ले जाती मैं.”

हसण्याची एकच लाट उसळली आणि मी तोच पहिला फोटो काढला. पोरीला डाव्या हातानं धरलं, उजव्या हाताचा अंगठा पात्यावर, कॅमेरा वर, डोळ्याला. नंतर टक्, परत जागेवर. सगळ्यांना ते पुन्हा बघायचं होतं. एकीनं पट्टा ओढून बघितला, एकीनं टकटक करून बघितलं. एका आजीबाईंनी विचारलं की चाव्या आणि पानाचा डबा लावायला असा मिळेल का. बाजारात नाही, घरी केलाय, नवऱ्यानं, असं मी सांगितलं, तेव्हा माझ्या आवाजात जो तोरा होता तो मलाही ऐकू आला.

आणि गंमत अशी, की ज्या लेकरासाठी एवढी यातायात केली ते लेकरू माझ्याकडं राहिनाच. “इसकू इधर देओ,” म्हणत कुणीतरी उचलली, ती या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिली. कुणी तिच्या मुठीत जर्दाळू दिला, तो दुसरीनं काढून घेतला. मी मोकळ्या हातांनी मोकळी फिरत होते. फ्लॅशचं कोपर बघून गर्दी आपोआप बाजूला व्हायची. नवरीचा झुमका अडकला, मी दोन्ही हातांनी सोडवला. एक म्हातारी उठताना डगमगली, तिला धरलं. पूर्वी अशा वेळी मी एका हातानं कॅमेरा सांभाळत नुसती अरे अरे म्हणायचे. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की मी लग्नाला आले आहे.

पण खरा फोटो अजून व्हायचा होता. निकाहच्या वेळी वकील, म्हणजे नवरीच्या वतीनं बोलणारा, आणि गवाह, म्हणजे साक्षीदार, बायकांकडं येतात, नवरीला विचारतात, आणि ती हो म्हणते. घरातलेच वडीलधारे असतात, म्हणून त्यांना आत येऊ देतात. नवरी मान खाली घालते, सगळ्या बायका एकदम गप्प होतात. हे क्षणभराचं काम. पुन्हा करा म्हणता येत नाही. लग्नातले बाकी सगळे फोटो एकीकडं आणि हा एक एकीकडं, इतकं त्याचं मोल. मी कपाटाजवळची जागा हेरून ठेवली होती. तिथून नवरीपर्यंतचं अंतर भिंगावर लावूनही ठेवलं होतं, कारण त्या जुन्या कॅमेऱ्यात सगळं हातानंच जुळवावं लागायचं.

निकाह जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजनंतर होता. अजून वेळ आहे, असं सगळ्या म्हणत होत्या. तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं. ती मांड्या बदलून बदलून दमली होती, आणि भूक लागली होती. मावशीनं तिला आणून माझ्या हातात दिली. “भूकी है बच्ची.”

मी जिथं होते तिथंच, दाराजवळ, सतरंजीवर बसले. ओढणी घेतली, तिला पाजायला लागले. ती हुंदके देत देत प्यायला लागली. आणि बाहेरून कुणीतरी खाकरलं. सगळ्या बायकांनी पदर सावरले. खालाजान माझ्याकडं बघून म्हणाल्या, “आ गए.”

 उठावं, तर पोरगी सुटणार आणि असा टाहो फोडणार की नवरीचा होकारही कुणाला ऐकू येणार नाही. बसून राहावं, तर अंतर चुकणार आणि फोटो धुरकट निघणार. आत्याबाईंचा ‘मशीन कुटं ठिवशील?’ हा प्रश्न माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी मात्र उभी राहिले नाही. पोरीला छातीशी घट्ट धरून, बसल्या बसल्या सतरंजीवरून सरकायला लागले. बायका गुडघे आवरून वाट देत होत्या, कुणी तोंडाला पदर लावून हसत होती. कपाट नव्हे, पण कपाटाइतक्याच अंतरावर पोचले. वकीलसाहेबांनी विचारायला सुरुवात केली होती.

अंगठा पात्यावर ठेवला. कॅमेरा निघाला. डाव्या हातात पोरगी, उजव्या हातात कॅमेरा. गुडघा उभा करून त्यावर कोपर टेकवलं. नवरीनं मान हलवली, ओठ हलले, बाजूला बसलेल्या खालाजाननी डोळे मिटले. मी कळ दाबली.

फ्लॅशनं पोरगी दचकली, तोंड सोडून माझ्याकडं बघितलं आणि दुधाचं तोंड घेऊन हसली. मी कॅमेरा परत लावला. टक्. माझे दोन्ही हात तिच्याभोवती होते आणि फोटो निघालेला होता. सगळ्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, मुबारक मुबारक चाललं होतं. माझे डोळे भरून आले होते, ते नवरीसाठी नव्हते हे मी सांगून टाकते. मी स्वतःवरच खूष होते.

स्टुडिओत रोल धुतला तेव्हा तो फोटो बघून मी कपाळाला हात लावला. नवरी स्वच्छ आली होती, तिची खाली घातलेली मान, खालाजानचे मिटलेले डोळे. पण फोटो थोडा तिरका, आणि खालच्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबी, धूसर. पोरीचं पाऊल ओढणीबाहेर आलं होतं. कापून काढावं तर नवरीची मेहंदी कापली जात होती. मी तसाच नेऊन खालाजानना दाखवला आणि माफी मागायला तोंड उघडलं.

त्यांनी फोटोतल्या त्या पावलावर बोट ठेवलं. “रहने दो,” त्या म्हणाल्या. “कल कू इनो भी दुल्हन बनेगी. तब बताएंगे, तेरा पहला निकाह ये था.” तोच फोटो मोठा करून त्यांनी बैठकीत लावला.

वेचणी संपल्यावर आत्याबाई परत आल्या. फोटोची एक प्रत मी ठेवून घेतली होती, ती त्यांना दाखवली. त्यांनी ती उजेडात नेली. नवरीकडं त्यांनी एकदाच बघितलं असेल.

“पायात मोजं नव्हतं घातलं व्हय गं?” त्या म्हणाल्या. “थंडीचे दिस.”

मी हसत सुटले. नवराही हसला. आत्याबाईंना हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी फोटो पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवला.

पुढं आठवड्याभरातली गोष्ट. सकाळची वेळ होती. मी आत भाकरी थापत होते. आत्याबाई दारात उन्हाला बसून पोरीला तेल लावत होत्या. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि एका पुरुषानं विचारलं, फोटोवाल्या बाई इथंच राहतात का, मुलीचं लग्न आहे, खालाजाननी पाठवलंय.

माझा हात परातीतच थांबला. मी उठणार, तोवर आत्याबाईंचा आवाज आला.

“हितंच. माजी सून हाये ती. लगीन कवा हाये?”

त्या माणसानं तारीख सांगितली.

“यील की. पन आधीच सांगते, लेकरू संगं आसतंय तिच्या. झोळी बांधायला एक कोपरा द्यावा लागंल. सावलीचा. आन् म्होरनं वारं नगं.”

“हो हो, करू की आई.”

“आन् तिला येळंवर जेवू घाला. अंगावरचं पिती पोरगी. फोटोच्या नादात ती जेवायची इसरती.”

तो माणूस हो म्हणत होता, आत्याबाई एकेक अट वाढवत होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी पिठाच्या हातांनी दाराआड उभी होते, आणि बाहेर जाऊन त्यात एक शब्दही बोलायची मला गरज वाटली नाही.